आकाश वाचवायचं की भिंत?

फोटो काढणाऱ्या माणसाला उजेड कधी पसंत पडतच नाही. सकाळी सातला तो फार कोवळा असतो, नऊला कडक होतो, दुपारी बाराला तर त्याचं नावही काढू नये, आणि संध्याकाळी कुठे जरा जमू लागला की पाच मिनिटांत मावळतो. मुली पाहत हिंडणाऱ्या वरपक्षासारखी ही मंडळी गावोगाव उजेड पाहत हिंडत असतात. 'तसा बरा आहे हो, पण रंगाने जरा उजळच आहे,' असं म्हणून वरपक्षाने नाकारलेली जगातली एकमेव गोष्ट म्हणजे दुपारचं ऊन!

आमचे साडू या पंथातले. बँकेतून निवृत्त झाल्यावर चारचौघांसारखं मधुमेह, भजन किंवा भाऊबंदकी यांपैकी काहीतरी धरायचं सोडून त्यांनी कॅमेरा धरला. त्याची जी किंमत त्यांनी घरात सांगितली ती नुसत्या गळ्यातल्या पट्ट्याची असावी असा माझा संशय आहे. आणि साधे फोटो नव्हेत बरं का, 'फाइन आर्ट'. निसर्गदृश्यं आणि जुन्या इमारती. फाइन आर्ट म्हणजे नेमकं काय, असं मी एकदा विचारलं. 'ज्यात घरचं कोणी नसतं तो फोटो,' असं माझ्या मेव्हणीने स्वयंपाकघरातून उत्तर दिलं, आणि इतकी वर्षं झाली तरी याहून चांगली व्याख्या माझ्या वाचनात आलेली नाही.

या साडूंचा ट्रायपॉड वाहायला म्हणून मी नागपूरहून उमरेड-भिवापूरमार्गे गोसीखुर्दला चार वेळा जाऊन आलो आहे. त्यामुळे या कलेवर चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला माझ्या उजव्या खांद्याने मिळवून दिला आहे.

आता या उजेडाच्या भानगडीत थोडं शास्त्र आहे, ते आधी उरकून घेऊ. आपण अंधाऱ्या गाभाऱ्यात उभे राहिलो तर आतली समईही दिसते आणि दाराबाहेरचं उन्हातलं तुळशीवृंदावनही दिसतं. डोळा बिचारा दोघांनाही सांभाळून घेतो. कॅमेऱ्याला ते जमत नाही. फोटोवाले उजेडातला फरक 'स्टॉप'ने मोजतात. एक स्टॉप म्हणजे दुप्पट, दोन म्हणजे चौपट, तीन म्हणजे आठपट. जुन्या स्लाइड फिल्मला पाच-सहा स्टॉपांचा फरक कसाबसा पेलायचा. आताचे चांगले कॅमेरे बारा-चौदा पेलतात. पण वैनगंगेच्या काठी मावळता सूर्य समोर घेऊन उभं राहावं आणि त्याच चौकटीत एक पडकी, सावलीतली भिंत यावी, की यांची चौदा स्टॉपांची ऐटही अपुरी पडते. मग निवड करावी लागते. आकाश सांभाळलं तर भिंत कोळशासारखी काळी होते. भिंत सांभाळली तर आकाश पांढरंफटक पडतं, नुकतंच धुऊन दोरीवर घातलेल्या धोतरासारखं. यालाच ही मंडळी 'कठीण उजेड' म्हणतात.

कठीण उजेड म्हणजे नुसता तांत्रिक पेच आहे, असं साडू समजतात. मला तसं वाटत नाही. दोघांपैकी एकालाच वाचवता येतं, तेव्हा माणूस कोणाला वाचवतो यावरून त्याचं मन कळतं. आणि गोसीखुर्दचे जे फोटो मी प्रदर्शनांत, कॅलेंडरांवर, हॉटेलांच्या भिंतींवर आणि साडूंच्या दिवाणखान्यात पाहिले, त्यांत जवळजवळ प्रत्येकाने आकाश वाचवलेलं आहे.

गोसीखुर्द हे भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातलं गाव. वैनगंगेवरच्या धरणापायी त्याचं नाव एकदा पेपरात गेलं ते अजून बाहेर यायला तयार नाही. १९८३ साली प्रकल्प मंजूर झाला तेव्हा खर्चाचा अंदाज ३७२ कोटींचा होता. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली. २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, आणि खर्च केव्हाच हजारांच्या घरात राहायला गेला होता. धरणाची लांबी अकरा किलोमीटरांहून जास्त, दरवाजे तेहतीस. कोटींचा हिशेब वेगळा. पाणी मात्र एकदम भरलं नाही. पुनर्वसन रेंगाळलं तशी पाण्याची पातळीही टप्प्याटप्प्याने चढवत नेली. म्हणजे इथली गावं सिनेमातल्यासारखी एका रात्रीत वाहून गेली नाहीत. एका पावसाळ्यात बांध्या गेल्या, दुसऱ्यात खळं गेलं, पुढच्यात पाणी अंगणाशी येऊन उभं राहिलं. उधारी मागायला आलेल्या माणसासारखं.

आता हे सगळं फोटोत कसं येतं ते पाहा.

पहिला मान झाडाचा. पाण्यात उभं राहून वाळलेलं झाड, पान एकही नाही, फांदीवर एक पाणकावळा. पहाटेचं धुकं. कॅमेऱ्याचा पडदा मिनिटभर उघडा ठेवला की लाटा पुसल्या जातात आणि पाण्याचं दूध होतं. चित्र खरोखरच देखणं दिसतं, नाही कोण म्हणतो! पण झाड मोहाचं होतं की आंब्याचं, कोणाच्या बांधावरचं होतं, ते पाण्यात का उभं आहे, यातलं काही म्हणजे काही कळत नाही. ते झाड जपानात असू शकतं, फिनलंडमध्ये असू शकतं. एकदा तर साडूंच्या एका मित्राने अशा झाडाखाली 'ध्यानस्थ' असं नाव दिलेलं पाहिलं. मुळं कुजून मेलेल्या झाडाला ध्यानस्थ म्हणायला मोठं धैर्य लागतं.

दुसरा मान पाण्यावरच्या सोन्याचा. आता हे सोनं येतं कुठून? नागपूरची नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला मिळते, आणि वैनगंगा गोसीखुर्दच्या भिंतीशी येऊन थबकते. म्हणजे आम्ही नागपूरकर सकाळी न्हाणीघरातून जे सोडून देतो तेच संध्याकाळी सव्वासहाला सोनेरी झालेलं पाहायला शंभर किलोमीटर गाडी हाकत जातो! काठाशी जलपर्णी माजलेली असते. तिला जांभळी फुलं येतात. तीही फोटोत फार छान दिसतात. नाकाला भिंग बसवण्याची सोय कॅमेऱ्यात अजून निघालेली नाही, हे या कलेवरचं परमेश्वराचं मोठंच उपकार समजायचं.

तिसरा मान देवळाचा. वर आंभोऱ्याला वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी अशा पाच नद्यांचा संगम आहे आणि टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ आहे. मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' इथेच रचला असं परंपरा सांगते. खाली पवनीला जावं तर घाट, देवळं, किल्ल्याचा दरवाजा, खंदक. एवढी श्रीमंती एका नदीला क्वचितच लाभते. पण फाइन आर्टवाल्याच्या हाती पडलं की देऊळ म्हणजे फक्त काळा त्रिकोण. मागे लालभडक आकाश, पुढे कात्रीने कापून डकवल्यासारखा कळस. दगड कुठला, चुना कधीचा, ओटा कोणी झिजवला, सगळं त्या काळ्यात गडप. असे दहा त्रिकोण शेजारी शेजारी लावले तर कुठलं देऊळ कुठलं हे देवालाही ओळखू यायचं नाही. २०२४ साली आंभोऱ्याला झुलत्या तारांचा नवा पूल सुरू झाला. तेव्हापासून त्रिकोणाशेजारी त्या तारांची वीणाही वाजू लागली आहे, एवढीच काय ती प्रगती.

आकाश आणि भिंत दोन्ही वाचवण्याचा एक तोडगा आता निघाला आहे, हे मला माहीत आहे. एकाच ठिकाणाहून तीन फोटो घ्यायचे, एक आकाशासाठी, एक भिंतीसाठी, एक मधला, आणि संगणकात तिघांचं लग्न लावून द्यायचं. साडूंनी पवनीच्या किल्ल्याच्या दरवाज्याचा असा एक फोटो केला. काय सांगू! प्रत्येक दगड चकाकतो आहे, प्रत्येक भेगेत उजेड शिरला आहे, गवताचं पातं न् पातं मोजून घ्यावं. आणि एवढं करून तो दरवाजा जुना वाटतच नाही. वाडवडलांपैकी कोणाला तरी धरून, तोंडाला पावडर लावून, रिसेप्शनला व्यासपीठावर उभं केल्यासारखा तो दिसतो. इमारतीचं म्हातारपण सावलीत असतं. एक कोपरा अंधारात राहिला तर तिथे काय असेल असं वाटतं. सगळंच उजळून टाकलं की तिथे दगड असतात, बस्स.

साडूंपुढे असं काही बोललं की ते ताबडतोब परदेशी नावं फेकून मारतात. त्यांचा लाडका म्हणजे अमेरिकेचा अॅन्सल अॅडम्स. १ नोव्हेंबर १९४१ ला न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरून जाताना त्याला चंद्रोदय दिसला. घाईत उजेड मोजायचं मीटर सापडेना. पण पौर्णिमेच्या आसपासच्या चंद्राची चकाकी किती, हा आकडा त्याला पाठ होता. त्यावरून हिशेब करून त्याने एकच फोटो घेतला, दुसरा घेईपर्यंत खालचा उजेड गेला. 'बघा,' साडू म्हणतात, 'त्यानेसुद्धा आकाशच वाचवलं!'

वाचवलं, कबूल. पण त्या फोटोत खाली काय आहे, ते साडू सांगत नाहीत. खाली गाव आहे. लहान लहान घरं, एक चर्च, आणि स्मशानातले पांढरे क्रूस, मावळतीच्या शेवटच्या किरणात उजळलेले. चंद्राच्या हिशेबाने फोटो घेतल्यामुळे तो खालचा भाग निगेटिव्हवर फारच विरळ उमटला होता. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, जाऊ द्या, चंद्र तर आला! हा गृहस्थ अंधाऱ्या खोलीत वर्षानुवर्षं त्या खालच्या भागाशी झगडत राहिला, आणि १९४८ साली त्याने निगेटिव्हच्या तेवढ्याच भागावर पुन्हा रसायनाची प्रक्रिया केली. चंद्र त्याला एका क्षणात मिळाला. गावासाठी सात वर्षं घालवली. आमच्या लोकांनी त्याच्याकडून चंद्र तेवढा उचलला.

किंवा इंग्लंडचा फ्रेडरिक एव्हन्स घ्या. त्याने १९०३ साली वेल्सच्या कॅथीड्रलमधल्या एका दगडी जिन्याचा फोटो काढला. खिडकीतला उजेड पायऱ्यांवरून ओघळतो आहे आणि पायऱ्या लाटांसारख्या वर चढत गेल्या आहेत. माणूस एकही नाही. माझ्या मेव्हणीच्या व्याख्येत चपखल बसणारा फोटो. पण त्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या आहेत. शेकडो वर्षांची पावलं त्यात दिसतात. माणसं फोटोत नसणं वेगळं आणि माणसं फोटोतून गेलेली असणं वेगळं. गोसीखुर्दला तर हा फरक कळायला कला शिकावी लागू नये.

आपल्याकडचंच उदाहरण हवं असेल तर रॉबर्ट गिलचं आहे. १८४४ पासून हा साहेब अजिंठ्यात बसून भित्तिचित्रांच्या नकला करत होता. त्यांतल्या बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ साली लागलेल्या आगीत जळाल्या. पण मध्यंतरी तो दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने फोटोही काढू लागला होता, आणि १८६४ साली फर्ग्युसनच्या मजकुरासह त्याच्या फोटोंची पुस्तकं निघाली. लेण्यातला काळोख आणि बाहेरचं खानदेशी ऊन यांच्यापेक्षा कठीण उजेड कुठला असणार! पुढे अजिंठा-वेरूळचे वाटाडे आरशाने नाहीतर पत्र्याने ऊन आत पाठवून प्रवाशांना चित्रं दाखवत. उजेड कठीण आहे ना, मग तो वळवून भिंतीकडे न्या! उजेडाच्या मागे धावण्यापेक्षा उजेडाला कामाला लावणारे ते वाटाडे मला थोर वाटतात. त्या काळच्या फोटोवाल्यांची आणखी एक पद्धत होती. देवळाच्या पायरीशी ते एखाद्या माणसाला बसवत, इमारतीचं माप कळावं म्हणून. फूटपट्टी म्हणून का होईना, पण बसवत. आता संगणकात माणूस आधी पुसतात, मग विजेच्या तारा, मग प्लॅस्टिकच्या पिशव्या.

पवनीचीच गोष्ट. तिथे जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने उत्खनन केलं, आणि खाली बौद्ध स्तूप निघाला. कोरीव दगड निघाले, ब्राह्मी अक्षरं निघाली. झिजलेल्या अक्षरांचा फोटो घ्यायचा तर त्यालाही उजेड नीट लागतो. समोरून ऊन असलं की अक्षर दगडात विरून जातं. बाजूने, अगदी तिरपा उजेड यावा लागतो, म्हणजे कोरीव रेघेच्या काठाला सावली धरते आणि अक्षर उठतं. फोटोवाला इथेही उजेडाची वाट पाहतोच, पण दगडावर लिहिलेलं वाचता यावं म्हणून. माझं सगळं भांडण एवढ्याच 'म्हणून'शी आहे. नाहीतर सुंदर दिसण्याशी माझं काय वैर!

तिसऱ्या खेपेला एक गोष्ट घडली ती सांगतो. मे महिना होता. पाणी ओसरलेलं, काठाला चिखल वाळून त्याची कवेलू झालेली, आणि बुडालेल्या वस्तीची जोती वर आलेली. पहाटेचं धुकं मे महिन्यात मिळत नसतं हे साडूंना तिथे गेल्यावर आठवलं. दुपारी एकच्या उन्हात, रागारागाने, त्यांनी समोर उभी असलेली एक विटांची भिंत टिपली. आकाश अर्थातच उडालं. ढगाचा ठिपका नाही, नुसतं पांढरं. 'फुकट गेला,' म्हणाले.

परतताना पुनर्वसनाच्या गावठाणात चहाला थांबलो. सरळ रस्ते, सरळ नाल्या, सावलीला झाड नाही. टपरीवरच्या आजींनी विचारलं, 'काय काढता जी?' साडूंनी कौतुकाने कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर आपला माल दाखवायला सुरुवात केली. दूध झालेलं पाणी. ध्यानस्थ झाड. सोनं. आजी डोळ्यांवर हाताची आडोशी धरून बघत होत्या.

'हे पानी होय. हे झाड होय. अन् गाव कोठी हाये?'

साडूंनी आणखी चार आकाशं दाखवली. त्यांतलं लालभडक पाहून आजी भल्या मनाने 'चांगलं हाये' म्हणाल्या. मग बोट चुकून पुढच्या बटणावर पडलं आणि ती दुपारची भिंत आली. आजींनी कॅमेराच हातात घेतला.

'हे तं चौथ्या वर्गाची भित होय!'

मग आम्हांला त्यात दिसू लागलं. भिंतीवर काळं आयत होतं, तो फळा. वर गंजलेली एक खुंटी. 'इथंच घंटा होती जी, रुळाचा तुकडा. मी इथं पोरायची खिचडी रांधत होतो.' (आमच्याकडे बायकाही 'येतो-जातो'च म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी मुद्रणदोष समजू नये.) फळ्याच्या खाली विटांचा गिलावा एका ओळीत उखडला होता, जमिनीपासून दीड-दोन हातांवर. तिथे पोरं पाठ टेकून बसायची, असं आजींनी सांगितलं. दुपारच्या उन्हाने त्या ओळीखाली बारीक सावली धरली होती म्हणून ती दिसत होती. पहाटे दिसली नसती, संध्याकाळी तर मुळीच नाही. मी साडूंकडे पाहिलं. वेल्सचा जिना आणि ही भिंत यांच्यात आता मला तरी फारसं अंतर दिसत नव्हतं, पण ते बोलून दाखवायची ती वेळ नव्हती.

'एक आमाले द्याल का?' आजींनी विचारलं.

साडू जरा वरमले. म्हणाले, 'देतो की. पण आजी, हा जरा बिघडला आहे. आकाश उडालंय. घरी नेऊन दुरुस्त करतो.'

'तं ते वरचं पांढरं कापून टाका,' आजी म्हणाल्या. 'भित मोठी करा.'

चौथ्या खेपेला आम्ही तो प्रिंट नेऊन दिला. वरचं पांढरं कापलेलं, भिंत काठोकाठ. आजींनी टपरीत, बिस्किटांच्या बरण्यांच्या वर, तो खिळ्याला लावला. त्याच फोटोचा दुसरा प्रिंट साडूंच्या दिवाणखान्यात आहे. त्यात भिंतीच्या वर कुठल्या तरी दुसऱ्याच दिवसाचे, बहुधा ऑगस्टातले, फार सुरेख ढग आहेत.